पोलीस ठाण्याच्या पायरीवर संविधान

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा जुन्या आठवणींची असावी. वसतिगृहाच्या पत्र्यावर कोसळणारा पाऊस, पहाटेची वंदना, मोठ्या पातेल्यात शिजणारी डाळ आणि ताटे घेऊन रांगेत उभी असलेली मुले, हे सारे आम्हांलाही लिहावेसे वाटते. परंतु या विद्यालयात इतकी वर्षे इतिहास व नागरिकशास्त्र शिकविल्यानंतर आमच्याकडे एक हिशेब बाकी राहिला आहे. तो माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर मांडणे आम्हांला आठवणींपेक्षा अधिक अगत्याचे वाटते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या हाताखालून शिकून गेलेला एक मुलगा तालुक्याच्या गावी दिवसा हमाली करीत असे आणि पहाटे मैदानावर धावत असे. पोलीस भरतीची तयारी चालू होती. अशात बाजारपेठेतील एका दुकानात चोरी झाली आणि त्या रात्री वस्तीतील तीन पोरांना ‘चौकशीसाठी’ म्हणून गाडीत बसवून नेण्यात आले. त्यांत तो होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची आई शाळेच्या फाटकाशी आली. “सर, तुमचं ऐकतील ते. तुम्ही चला,” एवढेच ती म्हणाली.

आम्ही गेलो. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, एम. ए. ची पदवी आणि वीस वर्षांचा अनुभव घेऊन गेलो. ठाणे अंमलदारांच्या टेबलासमोर उभे राहिलो आणि हात जोडले. “साहेब, मुलगा गुणी आहे. आमच्या शाळेचा आहे. एवढ्या वेळेस सोडून द्या.” त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, “चौकशी चालू आहे. मास्तर, तुम्ही शाळा सांभाळा.” आम्ही पुन्हा हात जोडले आणि बाहेर आलो. पायरीवर ती माउली बसली होती. ‘सोडतील,’ असे तिला सांगून आम्ही शाळेची बस गाठली.

तीन रात्री त्याला आत ठेवण्यात आले. अटकेची नोंद नाही, न्यायालयात हजर करणे नाही, वकील नाही. चौथ्या दिवशी ‘जा’ म्हणून सांगितले. गुन्हा दाखल झाला नाही, कारण त्याने गुन्हा केलाच नव्हता. पुढे महिनाभर त्याला नीट चालता येत नव्हते. मैदानावर धावणे सुटले आणि भरतीचा विचारही सुटला. नंतर एकदा दाखल्याची दुसरी प्रत घेण्यासाठी तो शाळेत आला. जाताना दारात थांबून त्याने विचारले, “सर, नागरिकशास्त्राच्या तासाला तुम्ही चोवीस तासांचं शिकवलं होतं ना? त्याचं काय झालं?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. खरोखरच माहिती हवी असावी, अशा स्वरात त्याने विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

त्या दुपारी आमची चूक काय झाली, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. ठाण्यात जाण्यात चूक नव्हती, नम्रपणे बोलण्यातही नव्हती. चूक ही झाली की, जे हक्काने विचारायचे ते आम्ही दया म्हणून मागितले. मुलगा गुणी आहे की अवगुणी, हा प्रश्नच तेथे गैरलागू होता. अट्टल चोरालाही जे हक्क संविधानाने दिले आहेत, ते मागण्यासाठी चारित्र्याचा दाखला लागत नाही. आम्ही विचारायला हवे होते: याला अटक झाली आहे काय? झाली असल्यास किती वाजता? कारण कोणते? नोंद कोठे आहे? दंडाधिकाऱ्यांसमोर केव्हा नेणार? यांपैकी एकही प्रश्न आमच्या तोंडून फुटला नाही. उत्तरपत्रिकेत याच मुद्द्यांना गुण देणारे आम्ही, प्रत्यक्ष प्रसंगी कोऱ्या उत्तरपत्रिकेसारखे उभे राहिलो.

असे का झाले असावे? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला वाटते की ही भीती एका दिवसाची नाही, ती वारशाने आली आहे. गावगाड्यात आमच्या आज्या-पणज्यांचा सरकारशी संबंध आला तो हक्कदार म्हणून नव्हे, राबता म्हणून. सरकारी टपाल पोहोचवायचे, आलेल्या अंमलदाराची बडदास्त ठेवायची, गावची हद्द राखायची, चोरी झाली की माग काढायचा. आणि माग लागला नाही तर संशयही पहिल्यांदा स्वतःवरच ओढवून घ्यायचा. चावडीवर बोलावणे आले की जोडे बाहेर आणि हात जोडलेले. या गुलामीच्या कागदाला हात घालण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात ती कनिष्ठ गाववतने कायद्याने नाहीशी होण्यास 1958 साल उजाडावे लागले. आमच्या शेजारी राहणाऱ्या भटक्या-विमुक्त बांधवांची कथा तर याहून कठोर आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्या जन्मालाच गुन्हा ठरविले. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीची आठवण असलेली माणसे आताआतापर्यंत होती. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी संपला. कायद्याच्या पुस्तकातून तो गेला, परंतु ठाण्याच्या संशयातून आणि आमच्या छातीच्या धडधडीतून अद्याप पुरता गेलेला नाही.

या वारशाला छेद देणारा दुसराही वारसा आम्हांला मिळाला आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर आमच्या लोकांवर लाठ्या-काठ्यांनी हल्ला झाला. हाताला हात भिडवण्याची ताकद तेव्हाही लोकांत होती. तरीही बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे तळ्याच्या हक्काचा दिवाणी दावा महाडच्या न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आमच्या बाजूने निकाल दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे कागद लढविला गेला. प्रत्येक टप्प्यावर नोंद, प्रत्येक म्हणणे लेखी, ही त्या लढ्याची रीत होती. महाडचे पाणी आम्हांला आठवते, महाडचे कागद मात्र आम्ही विसरलो.

आता अनुच्छेद 22 कडे वळू. आमच्या वस्त्यांत संविधानाची मिरवणूक निघते, 26 नोव्हेंबरला उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते आणि ते व्हायलाच हवे. परंतु पोलिसांच्या संबंधात सर्वांत उपयोगी पडणारा हा अनुच्छेद कसा जन्मला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मूळ मसुद्यात तो नव्हताच. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद, जो आज 21 म्हणून ओळखला जातो, संविधान सभेने संमत केला तेव्हा ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढेच संरक्षण त्यात राहिले. म्हणजे विधिमंडळाने उद्या कसलाही कायदा केला आणि त्याप्रमाणे कोणाला आत टाकले, तर दाद कोठे मागायची? या उणिवेबद्दल सभेत आणि सभेबाहेर असमाधान होते. तेव्हा 15 सप्टेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी 15-अ हा नवा अनुच्छेद मांडला. आधीच्या कलमात जे हातचे गेले, त्याची ही भरपाई आहे, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन होते. अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर नेणे, ही तत्त्वे फौजदारी प्रक्रिया संहितेत पूर्वीपासून होती, मग संविधानात कशाला, या शंकेचेही उत्तर त्यांनी दिले. संहिता विधिमंडळाला बदलता येते. संविधानात गेलेले तत्त्व संसदेला वा प्रांतिक विधिमंडळाला साध्या कायद्याने पुसता येणार नाही. तोच 15-अ आज अनुच्छेद 22 आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवाद त्याच अनुच्छेदात शिरला, ही त्याची दुखरी बाजूही आम्ही लपवू इच्छित नाही. तथापि, सामान्य अटकेपुरते पाहता तो मोलमजुरी करणाऱ्या माणसाच्या खिशातला सर्वांत मोलाचा कागद आहे.

या कागदाचा उपयोग कसा करावा, हे आता प्रसंगाप्रसंगाने सांगतो. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. कलमांचे आकडे बदलले, पण गाभा तोच आहे.

पहिला प्रसंग बोलावण्याचा. ‘साहेबांनी बोलावलंय, चल’ असे म्हणून कोणी दाराशी आले तर पहिला प्रश्न असा विचारावा की, ही अटक आहे की चौकशी? साक्षीदार म्हणून बोलवायचे असल्यास तसा लेखी आदेश हवा. पंधरा वर्षांखालील मुलगा, साठ वर्षांवरील पुरुष, कोणतीही स्त्री, दिव्यांग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही; त्यांची विचारपूस ते राहतात तेथेच व्हायची असते. हे संहितेच्या कलम 179 मध्ये आहे. अटकेची गरज नसलेल्या संशयितास कलम 35 खाली हजर राहण्याची नोटीस देता येते. अशी नोटीस मिळाल्यास ती टाळू नये, ठरल्या वेळी जावे, कारण न जाणे हेच पुढे अटकेचे कारण होऊ शकते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे.

दुसरा प्रसंग प्रत्यक्ष अटकेचा. 1986 साली पश्चिम बंगालमधील कायदेविषयक मदत संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानले गेले आणि 1996 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. आज ते संहितेतच आले आहेत. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी. अटकेची नोंद जागीच करून तीवर घरच्या माणसाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष हवी, आणि अटक झालेल्याची सही हवी. नातेवाइकास किंवा मित्रास कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेची कारणे सांगणे तर संविधानाचाच आदेश आहे. ती लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये, आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, स्पष्ट केले आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत दंडाधिकाऱ्यांची लेखी पूर्वपरवानगी घेऊन, महिला अधिकाऱ्यानेच ती करायची असते.

तिसरा प्रसंग कोठडीचा. प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर नेलेच पाहिजे. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी व्हायची असते आणि अहवालाची प्रत मिळण्याचा हक्क असतो. चौकशीच्या काळात वकिलास भेटता येते. अनुच्छेद 20(3) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात गुन्ह्याचा पुरावा म्हणून चालत नाही. तपासातील जबाबावर सही घ्यायची नसते. कोऱ्या कागदावर तर मरणाच्या भयानेही सही करू नये, असे आम्ही पोरांना सांगतो. अठरा वर्षांखालील मुलास लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यायचे असते. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअप व व्हरांड्यासह, सीसीटीव्ही कॅमेरे लावण्याचा आणि चित्रीकरण दीड वर्ष, निदान एक वर्ष तरी जपण्याचा आदेश दिला आहे. मारहाण झाली तर तारीख आणि वेळ लिहून ठेवावी, कारण पुढे तेच चित्रीकरण मागता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दंडाधिकारी ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे काय’ असे विचारतात तेव्हा खरे सांगावे. आमची मुले तेथे मान हलवून ‘नाही’ म्हणतात आणि तो ‘नाही’ कायमचा नोंदला जातो.

चौथा प्रसंग फिर्याद देण्याचा. हा प्रसंग आम्ही बहुतेक वेळा विसरतो. पोलिसांशी आपला संबंध आरोपी म्हणून येतो, तसा फिर्यादी म्हणूनही येतो. मारहाण झालेली बाई ठाण्यात जाते आणि तिच्या हाती अदखलपात्राची पावती देऊन तिला परत पाठविले जाते, हे आमच्या वस्त्यांतील रोजचे चित्र आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर गुन्हा नोंदविणे बंधनकारक आहे, हे 2013 च्या ललिता कुमारी निकालाने ठरले आहे. हद्द आमची नाही, हे उत्तरही आता चालत नाही. कलम 173 प्रमाणे कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. तोंडी सांगितलेले लिहून घेऊन वाचून दाखवायचे असते आणि प्रत विनामूल्य द्यायची असते. नकार मिळाल्यास लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. टपालाची पावती जपावी. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 4 नुसार, स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाने या कायद्याखालील कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केल्यास प्रशासकीय चौकशीच्या शिफारशीवरून त्याला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा होऊ शकते. बौद्ध झाल्याने हे संरक्षण जाते, असा गैरसमज अजूनही ऐकू येतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर तो निराधार आहे.

वकिलाला पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न उरतो. 1987 च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते आणि 15100 हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. आम्हांला हे त्या दुपारी ठाऊक असते, तर शाळेची बस गाठण्याऐवजी आम्ही न्यायालयाचे आवार गाठले असते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो आम्ही टाळणार नाही. हक्क ठाऊक असल्याने लाठी थांबते काय? परभणीचे उदाहरण ताजे आहे. 10 डिसेंबर 2024 रोजी तेथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या घडामोडींत ज्यांना अटक झाली, त्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातील तरुण होता. तो कायद्याचा विद्यार्थी होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. ज्याच्या हाती कायद्याची पुस्तके होती, त्याचाच प्राण गेला. मग आम्ही मुलांना कोणत्या तोंडाने सांगावे की अनुच्छेद पाठ करा?

या प्रश्नापुढे आम्ही पुष्कळ दिवस निरुत्तर होतो. पुढे काय घडले ते मात्र पाहावे लागते. त्याच्या आईने न्यायालयाचे दार ठोठावले. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या मृत्यूप्रकरणी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. गेलेला मुलगा परत आला नाही, न्याय पूर्ण झाला असेही नव्हे. पण कोठडीतला मृत्यू फायलीत गडप झाला नाही, याचे कारण एका मातेने दया मागितली नाही, कायदा मागितला. यातून आम्ही जो बोध घेतला तो असा: एकट्या माणसाचे कायद्याचे ज्ञान बंद खोलीत दुबळे असते. त्याचे बळ खोलीबाहेर असते. पायरीवर बसलेल्या आईला प्रश्न विचारता आले पाहिजेत, शेजाऱ्याला वेळ लिहून ठेवता आली पाहिजे, शिक्षकाला वकिलाचा क्रमांक ठाऊक पाहिजे. आत नेलेल्याला जे माहीत आहे त्याहून बाहेर राहिलेल्यांना जे माहीत आहे, ते त्याला अधिक वाचविते. हक्काचे ज्ञान ही वस्तीची ठेव झाली पाहिजे. ‘शिका’ आणि ‘संघटित व्हा’ हे शब्द एकापाठोपाठ का येतात, ते आम्हांला पन्नाशीत उमगले.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून आणखी दोन गोष्टी सांगतो. हक्क सांगणे म्हणजे हुज्जत घालणे नव्हे. अंगावर जाऊ नये, हिसकाहिसकी करू नये, पळून जाऊ नये. लोक ज्याला अजूनही 353 म्हणतात ते सरकारी कामात अडथळ्याचे कलम आता न्याय संहितेत 132 झाले आहे, आणि एका धक्क्यासाठी ते लागू शकते. आवाज खालचा, प्रश्न नेमका आणि नोंद लेखी, ही रीत धरावी. बेकायदेशीर वागणुकीचा झगडा ठाण्यात जिंकता येत नाही, तो न्यायालयात जिंकायचा असतो. ठाण्यात फक्त त्याचा पुरावा गोळा करायचा असतो.

दुसरी गोष्ट आमच्या त्या विद्यार्थ्यांसाठी, जे आज खाकी वर्दीत आहेत. तुमचा आम्हांला अभिमान आहे. बारा-चौदा तासांचा बंदोबस्त, अपुरे मनुष्यबळ, वरिष्ठांचा आणि पुढाऱ्यांचा दाब, हे तुमच्याकडून आम्ही ऐकतो. तरीही एक मागणे आहे. रात्री एखाद्या पोराला आत आणले जाते तेव्हा नोंद करण्याची पेन तुमच्या हातात असते. ती वेळेवर चालली तर त्या पोराचे आणि तुमचे, दोघांचेही रक्षण होते. पायरीवर बसलेल्या बाईला तुमच्यापैकी कोणी एवढे जरी सांगितले की, ‘ताई, उद्या अकरा वाजता अमुक न्यायालयात या’, तरी या विद्यालयाने तुम्हांला जे दिले ते फळाला आले, असे आम्ही मानू.

शेवटी तीन प्रस्ताव संस्थेपुढे आणि माजी विद्यार्थी संघापुढे ठेवतो. पहिला, 26 नोव्हेंबरच्या उद्देशिका वाचनानंतर आठवी ते दहावीच्या मुलामुलींकडून एक प्रात्यक्षिक करून घ्यावे. एकाने ठाणे अंमलदार व्हावे, एकाने आई व्हावे, एकाने शिक्षक. हात न जोडता, आवाज न चढविता पाच प्रश्न विचारण्याचा सराव व्हावा: अटक झाली काय व किती वाजता, कारण काय व ते लेखी कोठे आहे, नोंदीवर साक्षीदार कोण, वैद्यकीय तपासणी झाली काय, कोणत्या न्यायालयात केव्हा नेणार. दुसरा, हेच पाच प्रश्न आणि 15100 हा क्रमांक छापलेले एक छोटे कार्ड प्रत्येक पालकास प्रवेशाच्या वेळी द्यावे. तिसरा, वकिली करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी तालुकावार आपली नावे संस्थेकडे नोंदवावीत, म्हणजे रात्री-अपरात्री हाक आली तर कोणाला उठवायचे ते ठाऊक असेल. या तिन्ही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. कार्डांच्या छपाईचा खर्च आम्ही स्वतः करू.

तो मुलगा आज दुसऱ्या शहरात वाहन चालवितो. त्याची मुलगी यंदा आमच्या शाळेत पाचवीत दाखल झाली आहे. तिला सोडायला आला तेव्हा त्याने आमच्या पायांना हात लावला आणि आम्हांला संकोच वाटला. त्या पोरीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला चोवीस तासांचा धडा येईल, तेव्हा तो आम्ही फळ्यावर लिहून थांबणार नाही. तिला ठाण्याची पायरी कशी चढायची आणि तेथे काय विचारायचे, तेही शिकवू. तिच्या वडिलांना द्यायचे राहिलेले उत्तर आमच्याकडून एवढेच आहे.

जय भीम.